मदत हवी आहे: सोलापुरात बेंड झालेली रिम नीट काढून देणारा कोण? (तातडीने)

जुळे_सोलापूरकर
पुण्याहून येताना रात्री मोहोळच्या अलीकडे पुढचं डावं चाक खड्ड्यात दणकून आपटलं. रिम वाकली आहे. हवा हळूहळू उतरते आणि ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थडथडतं. शोरूमवाले म्हणतात दुरुस्त होत नाही, नवीनच घ्या. टायरवाला म्हणतो गॅसवर तापवून तासाभरात ठोकून देतो. दोघांवरही भरवसा बसेना. शुक्रवारी पंढरपूरला जायचंय. खात्रीचं दुकान आणि दर सांगा, बाकी काही नको.

नटबोल्ट
गाडी कोणती? रिम लोखंडी की अलॉय? किती इंची? वाक बाहेरच्या काठाला आहे की आतल्या? चीर दिसते का? टायरची बाजू बघितली का? लोखंडी रिमचा कारागीर वेगळा, अलॉयचा वेगळा. हे कळल्याशिवाय दुकान सांगणं म्हणजे उगाच पेट्रोल जाळायला लावणं.

कडकभाकरी
एवढी उलटतपासणी कशाला मालक. हैदराबाद रोडला मार्केट यार्डाच्या अंगाला ट्रकच्या डिस्कचं काम करणाऱ्यांना विचारा. टायर उतरवायचा, काठाला लाकडी ठोकळा लावायचा, मोठ्या हातोड्याने मारायचं. चहा पिऊन होईपर्यंत काम तमाम.

टॉर्कपाना
कडकभाकरी, हे लोखंडी रिमला चालतं. पोलाद वाकतं, परत वळतं, सहसा तुटत नाही. अलॉयला तोच हातोडा बसला तर वाकलेल्या जागी बारीक चीर पडते आणि ती रंगाखाली लपून राहते. धागाकर्त्याने अजून सांगितलेलंच नाही कुठली रिम ते.

जुळे_सोलापूरकर
अलॉय आहे हो. १६ इंची. कंपनीचीच. नाव सांगताय का कुणी?

संपादक मंडळ
दुकानांची नावं आणि फोन नंबर धाग्यात टाकू नयेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. मागे याच विषयावर जाहिरातींचा पूर आला होता.

होटगीरोड_हवावाला
हवा उतरते म्हणता तर नायट्रोजन भरा. नायट्रोजनचे कण मोठे असतात, गळत नाहीत. टायर थंड राहतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात तर भरायलाच पाहिजे.

नटबोल्ट
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. काठ वाकला म्हणून टायर रिमवर नीट बसत नाही आणि त्या फटीतून हवा जाते. त्या फटीला वायू कोणता आहे याने काही फरक पडत नाही. नायट्रोजनचा वेगळा धागा काढा.

टॉर्कपाना
आता अलॉय कळलं, तर नीट लिहितो.

बहुतेक कारच्या अलॉय रिमा ॲल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतलेल्या असतात. ओतल्यावर साधारण ५४० अंशांना तापवून, पाण्यात विझवून, मग दीडशेच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात. रिमची ताकद या प्रक्रियेतून येते. टायरवाला गॅसच्या ज्वाळेने तापवतो तेव्हा तेवढ्या भागाची ही ताकद निघून जाते. दोनशे अंशांच्या वर काही वेळ राहिलं की धातू मऊ पडायला लागतो. दिसायला रिम सरळ होते, पण पुढच्या खड्ड्यात तीच जागा आधी वाकते.

चांगल्या दुकानात काम असं चालतं: टायर पूर्ण उतरवतात. रिम बॅलन्सिंग मशीनवर किंवा वेगळ्या स्पिंडलवर चढवून, टायरचा काठ जिथे बसतो त्या दोन्ही पट्ट्यांवर डायल गेज (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं मापक) लावून फिरवतात. वर-खाली आऊट (गोलाईतला फरक) किती आणि डावी-उजवीकडे किती, दोन्ही वेगळं मोजतात. मग हबच्या (मधल्या) भोकात रिम घट्ट धरून हायड्रॉलिक जॅकने थोडं थोडं दाबतात, परत मोजतात, परत दाबतात. उष्णता लागलीच तर माफक, आणि तापमान मोजून. शेवटी आऊट मिलिमीटरच्या आत यायला हवं.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारायचा: ‘डायल गेज आहे का, आणि दुरुस्तीच्या आधी-नंतर माझ्यासमोर फिरवून दाखवाल का?’ तिथेच चुळबुळ झाली तर गाडी वळवा.

पूर्वभाग
टॉर्कपाना, एवढं शास्त्र कशाला? गॅसवर तापवल्याशिवाय अलॉय वळतच नाही, थंड दाबली तर काडकन तुटते. सगळीकडे तापवूनच काढतात. कारागीर मुरलेला असला की रंगावरून ओळखतो, लालसर झालं की थांबतो.

टॉर्कपाना
ॲल्युमिनियम लाल होतच नाही. लोखंड लाल होतं. हा मिश्रधातू साडेपाचशेच्या पुढे वितळायला लागतो आणि तोपर्यंत दिवसाउजेडी रंग बदललेला दिसत नाही. लालसर होण्याची वाट बघणारा माणूस रिम वितळवून थांबेल. थोडी ऊब हवी हे तुमचं बरोबर, अगदी थंड रिमवर जोर लावणं धोक्याचंच. पण तापमान दाखवणारा खडू किंवा इन्फ्रारेड मीटर हातात हवा.

पूर्वभाग
बरं, लालचं सोडा. पण सोलापुरात मीटर घेऊन बसलेला कारागीर दाखवा.

जुळे_सोलापूरकर
भांडण नंतर करा की. बलेनो आहे, चौथं वर्ष चालू. टायरवाल्याने काल बॅलन्सिंग करून दिलं, ९० ग्रॅम वेट लावले, मशीनवर शून्य आलं. तरी थडथड तशीच. शिवाय टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आहे, पण त्यातून हवा जात नाही त्यामुळे ते चालेल.

नटबोल्ट
थांबा. फुगा आहे हे आत्ता सांगताय? तो टायर संपला. बाजूच्या भिंतीतले धागे तुटले की आतली हवा रबराला बाहेर ढकलते, तोच फुगा. तिथे आता नुसत्या रबराने हवा धरलेली आहे. तिथे पॅच बसत नाही, दुरुस्तीच नाही. रस्ता तापलेला, गाडी भरलेली आणि वेग असला की तिथूनच फुटतो, तोही पुढच्या चाकाचा. आजच उतरवा.

थडथडीचं: बॅलन्सिंग वजनाचा तोल साधतं, गोलाई सुधारत नाही. वाकडी रिम मशीनवर शून्य दाखवते आणि रस्त्यावर उड्या मारते. तुमच्या १९५/५५ आर १६ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. नव्वदच्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं, म्हणजे सेकंदाला तेरा दणके. एका चाकाला ९० ग्रॅम लागतात म्हणजेच रिम किंवा टायर गडबड आहे. प्रामाणिक माणूस तिथेच थांबून सांगतो.

सातरस्ता
यात रस्त्याचा दोष कुणी बघणार की नाही? टोल पूर्ण घेतात आणि…

संपादक मंडळ
सातरस्ता, रस्त्यांचा धागा वेगळा आहे. तिथे साडेतीनशे प्रतिसाद आहेत, तिथे या.

पॉलिसीवाला_नाही
कुणीच विम्याचं बोललं नाही म्हणून. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत टायर-ट्यूबचं नुकसान एकट्याने झालं तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या बदली खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंतच मिळतं. रिम हा धातूचा भाग. झिरो डेप (घसारा न कापण्याची जोड) नसेल तर तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के घसारा कापतात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये स्वतःचे.

पण खरा हिशेब नो क्लेम बोनसचा. तीन वर्षं क्लेम नसेल तर तुम्हाला आत्ता ३५ टक्के सूट चालू असेल. यंदाही क्लेम नाही केला तर नूतनीकरणाला ४५ मिळेल, केला तर शून्य. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीवर नाही. नुसती एक रिम आणि एक टायर असेल तर बहुधा क्लेम परवडत नाही. लोअर आर्म किंवा शॉक ॲब्झॉर्बरही वाकला असेल तर चित्र बदलतं. क्लेम करायचाच असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू नका.

भीमाकाठ
बरोबर मुद्दा. एवढा दणका बसल्यावर फक्त रिमच गेली असं धरून चालू नका. अलाइनमेंटचा छापील कागद मागा आणि डाव्या-उजव्या चाकाचा कॅम्बर (समोरून बघताना चाक किती कललंय तो कोन) बघा. दोन्हींत अर्ध्या-पाऊण अंशापेक्षा जास्त फरक असेल तर डाव्या चाकाला धरून ठेवणारा लोअर आर्म, नकल किंवा स्ट्रट यातलं काहीतरी वाकलंय. या गाडीला फक्त टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) जुळवता येतो, कॅम्बरला वेगळी सोय नाही. त्यामुळे ‘जुळवून दिला’ म्हणणाऱ्याला विचारा कुठून जुळवला. बेअरिंगही तपासा: वळणावर डाव्या चाकावर भार आला की घुर्र आवाज वाढतो का बघा.

टॉर्कपाना
आणि टायर उतरवलाच तर दुकानात न्यायच्या आधी चीर घरीच तपासा. रिम डिटर्जंटने घासून कोरडी करा. वाकलेल्या जागी आतल्या बाजूने डिझेल किंवा रॉकेल लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा आणि त्यावर पांढऱ्या खडूची पूड चोळा. चीर असली तर आत शिरलेलं तेल पुडीत ओलसर रेघ काढतं. दुकानात याच कामाला लाल रंगाचा स्प्रे आणि पांढरा डेव्हलपर वापरतात. साबणाच्या पाण्याने फक्त हवा कुठून जाते ते कळतं, आरपार न गेलेली चीर कळत नाही.

जुळे_सोलापूरकर
खडू केला. आतल्या काठापासून मधे जाणारी रेघ आली, दोनेक सेंटीमीटर. आरीपर्यंत (स्पोकपर्यंत) पोचलेली नाही. आता?

पूर्वभाग
आर्गन वेल्डिंग. एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं काम करणारे सापडतील. एका दुपारचं काम.

टॉर्कपाना
आर्गन करणारे असतील, प्रश्न रिमवर करावं का हा आहे. नियम असा: चीर आरीवर, हबजवळ किंवा नटांच्या भोकांपाशी असेल तर कुणीही हात लावू नये. आतल्या काठाला एकच लहान चीर असेल तर काही दुकानं करतात. तेव्हाही पद्धत हवी: चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक, म्हणजे ती पुढे सरकत नाही. रंग पूर्ण खरवडायचा, ॲसिटोनने तेल काढायचं (तुमच्या डिझेलसकट), व्ही आकाराची खाच, ४०४३ ची (ॲल्युमिनियम-सिलिकॉनची) तार, दोन्ही बाजूंनी वेल्ड, मग घासून परत डायल गेज आणि परत स्प्रे. एवढं करूनही वेल्डच्या आजूबाजूची ताकद कमी झालेली असते, कारण त्या रिमला पुन्हा भट्टी कुणी देत नाही. तुमची चीर टायर बसतो त्या पट्टीतून जाते. पुढच्या चाकाला मी तरी हो म्हणणार नाही. आणि चीर दाखवल्यावर ‘काही होत नाही’ म्हणणारं दुकान खात्रीचं नाही, एवढं नक्की.

नटबोल्ट
सहमत. एकच रिम घ्या. शोरूमबाहेर शोधणार असाल तर मापं लिहून घ्या: १६ इंची, चार नट, पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १०० मिमी, मधलं भोक ५४.१ मिमी. रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती सरकलेली ते) तुमच्या चांगल्या रिमच्या मागच्या बाजूला ओतलेले असतात, तेच जुळले पाहिजेत. मधलं भोक मोठं निघालं तर हब रिंग (फट भरणारी कडी) लागते, नाहीतर परत थडथड. नट १२ बाय १.२५ चूडीचे, शंकूसारख्या बसणीचे. जुनी रिम मिळाली तर टायर न चढवता मशीनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नवा रंग मारलेली जुनी रिम तर घेऊच नका, रंगाखाली काय आहे ते रंगवणाऱ्यालाच माहीत.

पुण्याहून मागवली तर ट्रॅव्हल्सच्या पार्सलने रात्रीत येते. काठांना पुठ्ठा बांधायला सांगा.

कडकभाकरी
यापेक्षा चारही चाकं १५ ची लोखंडी करून टाका. टायरची भिंत जाड, खड्डा पचतो, वाकली तर दोन हातोड्यात सरळ. अलॉय म्हणजे नुसती शान.

भीमाकाठ
हा सल्ला कुणी मागितला नव्हता, पण सोलापुरातले रस्ते बघता चुकीचाही नाही.

जुळे_सोलापूरकर
नवी रिम सोमवारी येतेय. शुक्रवारी स्टेपनीवर पंढरपूर होईल का? स्टेपनी लोखंडी आहे.

नटबोल्ट
स्टेपनीवरचं माप वाचा. १८५/६५ आर १५ असेल तर टायरचा व्यास साधारण ६२१ मिमी, म्हणजे तुमच्या सोळाइतकाच, फरक फक्त रुंदीचा. तरी ती मागे लावा आणि मागचं चांगलं चाक पुढे घ्या. गाडी पुढच्या चाकांवर ओढते आणि वळते, तिथे दोन्ही बाजू सारख्या हव्यात. स्टेपनीवर वेगाचा स्टिकर असेल तर तो पाळा, ८० लिहिलं असेल तर ८०. हवा आधी तपासा, डिकीत पडून उतरलेली असते. टायर किती जुना आहे तेही बघा, बाजूच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं उलटलेला असेल तर ती स्टेपनी फक्त पंक्चरपुरती.

जुळे_सोलापूरकर
माप तेच निघालं. आकडे ४०२१. नट पंक्चरवाल्याकडून हवेच्या गनने कसून घेतो.

टॉर्कपाना
गनने नको. आधी हाताने सगळे बसवा, मग टॉर्क पान्याने समोरासमोरचे आळीपाळीने. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. गन त्याच्या किती पुढे गेली ते कळत नाही, मग चूडी ताणली जाते आणि रस्त्यात नट सुटता सुटत नाही. पंढरपूरला पोचलात की चाक थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा, पहिल्या ५० ते १०० किलोमीटरमध्ये नट थोडे बसतात. सोमवारी नवी रिम चढवल्यावर हेच परत करा. अलाइनमेंटही तेव्हाच, स्टेपनी लावलेली असताना करून पैसे घालवू नका. दोन नावं व्यनि केली आहेत. डायल गेज दाखवायला सांगाच.