अनुभव सांगा: पिचची प्रॅक्टिस आणि ग्रुपमधलं ब्रेनस्टॉर्मिंग

सोलापुरात हल्ली कॉलेजांत, रविवारच्या क्लासला हे प्रकार घेतात, म्हणजे आपली आयडिया समोरच्याला थोडक्यात पटवून सांगायची ती पिच, आणि ग्रुपनं बसून आयडिया काढायच्या ते ब्रेनस्टॉर्मिंग. केलं असेल त्यांनी लिहा, नुसतं 'छान होतं' नको. माझ्यापासून सुरुवात. विषय होता टॉवेल कारखान्यातल्या कातरणाचं काय करायचं. नियम ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्याचे, टीका नाही, आयडिया जितक्या जास्त तितकं बरं, दुसऱ्याच्यात भर घाला. पण पहिल्याच मिनिटाला एकजण "हे चालत नाय बे" आणि मग तासभर तोच बोलायलाय, बाकीचे माना डोलवायलेत.

*

सगळीकडं हेच हो. आमच्या मॅडमनी म्हणून बोलणंच बंद केलं. ६-३-५ म्हणतात त्याला, सहा जण, पाच मिनिटांत प्रत्येकी तीन आयडिया लिहायच्या आणि कागद शेजारी सरकवायचा, असं सहा वेळा, अर्ध्या तासात १०८ होतात. आमच्या निम्म्या पायपुसण्याच्याच होत्या म्हणा! पण घरी तेलुगू बोलणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी एक पोरगी, तिनं लिहिलं की कातरण रंगाप्रमाणं वेगळं ठेवा, परत सूत काढलं तर रंगवायचा खर्च वाचतो. तीच आयडिया निवडली.

*

मी शिकवतो. १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासलंय, चौघं एकत्र बसले त्यापेक्षा चौघांनी एकेकटं बसून काढलेल्या आयडियांची बेरीज जास्त भरली. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, तोवर डोक्यातलं निसटतं. मी आधी दहा मिनिटं गप्प लिहायला लावतो.

*

पिचचं कुणी लिहीना म्हणून. एक मिनिट बोलायचं, मग समोरच्यानं काय कळलं ते सांगायचं. आमच्यातला एकजण शेंगाचटणीवर बोलला, इनोव्हेटिव्ह पॅकेजिंग, ग्लोबल मार्केट, लै काय काय, आणि समोरचा म्हणतो "म्हणजे चटणीच ना?" दुसऱ्या वेळी तो एवढंच बोलला की पुण्याला हॉस्टेलवर नेताना चटणीचं तेल बॅगेत सुटतं, मी एका जेवणापुरती पुडी करणार. वर्ग लगेच दर विचारायला लागला.

*

मला ते प्रत्येकाला टाळ्या वाजवणं पटलं नाही. टीका करायची नाही तर वाईट आयडिया मरणार कधी?

*

ताई, तो नियम आयडिया काढतानाच. निवडताना सोलून काढायचं.

*

रविवारचा क्लास कुठं असतो? मुलाची बारावी झालीय, बोलायला लै लाजतो.