चावी काढताच नव्या स्टिरिओतील वेळ आणि केंद्रे पुसली जातात; परभणी आकाशवाणीही नीट लागत नाही

प्रश्न : जिंतूरकर

नमस्कार. आमच्याकडे 2012 सालची वॅगन आर आहे. तिचा मूळचा टेप दिवाळीपासून बंद होता, म्हणून मी 1,700 रुपयांचा, ब्लूटूथ आणि यूएसबी असलेला एक संच ऑनलाइन मागवला आणि बाजारातील एका दुकानात बसवून घेतला. कारागिराने गाडीचा मूळ कपलर (वायरी जोडण्याचा प्लग) कापला, वायरी हातानेच पिळून जोडल्या, त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि अर्ध्या तासात काम संपवले. गाणी वाजतात, फोनही जोडला जातो. पण तीन अडचणी राहिल्या आहेत.

चावी काढली की घड्याळ पुन्हा बारावर येते आणि जतन केलेली सगळी केंद्रे नाहीशी होतात. दुसरी अडचण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. माझे वडील गेली अनेक वर्षे शेताकडे जाता-येता आकाशवाणी परभणीचे 1305 किलोहर्ट्झवरील केंद्र ऐकत आले आहेत, आणि खरे तर त्यांच्यासाठीच मी मध्यम लहरी असलेला संच शोधून घेतला. परंतु या संचावर आकडा 1300 वरून थेट 1310 वर जातो, आणि दोन्ही ठिकाणी बोलणे फाटलेले व खरखरीत ऐकू येते. तिसरे म्हणजे खोक्यावर प्रत्येकी 60 वॅटच्या चार वाहिन्या असे छापलेले असूनही आवाज 25 च्या पुढे नेला की तो फाटतो.

दुकानदारांचे म्हणणे असे की स्वस्त मालाचे हे असेच असते. संच परत करावा, की जोडणीतच काही चुकले आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 : सेलूचा प्रवासी

माझ्या गाडीतही घड्याळाची हीच तक्रार होती. मी पिवळी आणि लाल अशा दोन्ही वायरी एकत्र करून थेट बॅटरीच्या वायरीला जोडून घेतल्या आणि तेव्हापासून वेळ जात नाही. आपणही तसेच करून पाहावे.

उत्तर 2 : परभणीचा ऑटो इलेक्ट्रिशियन

जिंतूरकर, संच परत करण्याची घाई करू नका. पहिल्या तक्रारीचे कारण जवळजवळ नक्कीच जोडणीत आहे. अशा संचांना विजेच्या दोन वेगळ्या वायरी असतात. पिवळी वायर चावी काढल्यावरही बॅटरीशी जोडलेली राहावी लागते, कारण घड्याळ आणि जतन केलेली केंद्रे तिच्यावर टिकतात. लाल वायरीला चावी फिरवल्यावरच वीज मिळावी लागते, कारण संचाने चालू व्हावे की बंद राहावे हे तो तिच्यावरून ओळखतो. काळी वायर गाडीच्या अर्थिंगची. घाईत काम करणारे कारागीर अनेकदा पिवळी आणि लाल एकत्र पिळून चावीच्या वायरीला लावून टाकतात. संच चालू होतो, गिऱ्हाईक समाधानाने निघून जाते, आणि चावी काढताच आपल्याकडे जे घडते आहे ते घडते. काही गाड्यांच्या तयार कपलरमध्ये या दोन वायरींच्या जागाही उलट असतात, त्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये.

तपासणी सोपी आहे. संच बाहेर ओढून, चावी पूर्णपणे काढून, टेस्ट लॅम्पची (वायरीत वीज आहे का ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याची) चिमटी बॉडीच्या उघड्या धातूला लावा आणि गाडीकडून आलेल्या वायरींना एकेक करून टोक टेकवा. चावी नसतानाही ज्या वायरीवर दिवा लागतो ती संचाच्या पिवळीला जोडायची आणि चावी फिरवल्यावरच लागते ती लालला. प्रत्यक्ष जोडणी करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडून ठेवा. एअरबॅग असलेल्या गाड्यांत तिच्या वायरींवर बहुधा पिवळे आवरण असते. त्या वायरींना टेस्ट लॅम्प चुकूनही लावू नये.

सेलूच्या मित्रांना आदरपूर्वक सांगतो की आपण केलेली जोडणी बॅटरीला हळूहळू रिकामी करते. दोन्ही वायरी कायम वीज असलेल्या ठिकाणी लावल्यावर संच पूर्णपणे झोपत नाही. समजा तो 0.3 अँपिअर घेत राहिला, तर दिवसाला 7.2 अँपिअर-तास जातात, म्हणजे 35 अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते. रोज गाडी चालवणाऱ्याला हे जाणवत नाही, पण लग्नसराईत चार दिवस गाडी दारात उभी राहिली की सेल्फ फिरत नाही आणि दोष बॅटरीवर जातो. मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवून ऋण टर्मिनल आणि त्याची केबल यांच्यामध्ये जोडा, दारे बंद करून थोडा वेळ थांबा. आकडा 50 मिलिअँपिअरच्या, म्हणजे 0.05 अँपिअरच्या, आत हवा. मीटर तसा जोडलेला असताना सेल्फ मात्र कधीही मारू नये.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्या उष्णतेत चिकटपट्टीचा डिंक वितळतो, पट्टी सरकते आणि पिळलेल्या तारा एकमेकींना टेकतात. जोड डाग देऊन (सोल्डर करून) करा आणि त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. पिवळ्या वायरीवरील फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा नवा फ्यूज घाला. त्या जागी तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे गाडीला आग लागण्याची सोय करून ठेवणे आहे. मी जळालेले डॅशबोर्ड पाहिले आहेत, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहितो.

उत्तर 3 : नांदेडचा निवृत्त निदेशक

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रेडिओ दुरुस्ती शिकवत असे, त्यामुळे आपल्या वडिलांच्या केंद्राविषयी वाचून थांबलो. आपण दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे.

मध्यम लहरींवर कोणते केंद्र कोठे बसवायचे यासाठी 1975 साली जिनिव्हा येथे करार झाला आणि तो नोव्हेंबर 1978 पासून अमलात आला. त्यानुसार युरोप, आफ्रिका आणि आपल्यासह बहुतेक आशियात केंद्रे 9 किलोहर्ट्झच्या अंतराने बसवली जातात. अमेरिकेत मात्र हे अंतर 10 किलोहर्ट्झ आहे. आपली मोजणी 531 पासून सुरू होते आणि परभणीचे 1305 हे तिच्यातील अचूक स्थान आहे, कारण 1305 ला 9 ने भागल्यास नेमके 145 येतात. आपला संच अमेरिकी पद्धतीवर आहे. तो 1300 वर थांबतो किंवा 1310 वर, आणि खरे केंद्र दोहोंच्या मधोमध 5 किलोहर्ट्झ दूर राहते. मध्यम लहरींवर इतका फरक झाला की आवाज असाच फाटतो. अँटेना बदलून किंवा दुसरा संच घेऊन काही होणार नाही, कारण तो नवा संचही कदाचित त्याच पद्धतीवर येईल.

संचाच्या सेटिंगमध्ये ‘एरिया’ किंवा ‘रिजन’ या नावाचा पर्याय शोधा. काही संचांत तो आवाजाचे बटण दाबून धरल्यावर येतो, काहींत रेडिओच्या मेनूमध्ये असतो. तेथे युरोप किंवा आशिया निवडा आणि आकडा 9 च्या टप्प्याने, म्हणजे 1296, 1305, 1314 असा पुढे सरकतो का ते पाहा. मात्र हे सेटिंगही संचाच्या त्याच स्मृतीत राहण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे आधी पिवळी वायर दुरुस्त करून घ्या; नाहीतर आज परभणी लागेल आणि उद्या सकाळी चावी फिरवल्यावर पुन्हा 1300 दिसेल.

पुढील तपासणी अँटेनाची. छतावर आखूड अँटेना असलेल्या अनेक गाड्यांत तिच्या बुडाशी छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला संचाच्या निळ्या वायरीतून 12 व्होल्ट द्यावे लागतात. ती वायर मोकळी सोडलेली असेल तर एफएमही दुबळे ऐकू येते. शेवटी, सिगारेट लायटरमध्ये लावलेला मोबाइल चार्जर काढून ऐका. स्वस्त चार्जर मध्यम लहरींवर प्रचंड खरखर करतात.

उत्तर 4 : अंबाजोगाईकर

वरील दोन्ही सरांनी मूळ दोष अचूक सांगितला आहे. मी फक्त आवाज फाटण्याबद्दल लिहिते, कारण त्यात माझा एक संच जळाला आहे.

आधी वॅटचा हिशेब पाहू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट मिळतात. या संचांतील आयसीला (आवाज वाढवणाऱ्या चिपला) आतून व्होल्टेज वाढवून देण्याची सोय नसते, त्यामुळे 4 ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त 26 वॅट मिळू शकतात, आणि प्रत्यक्षात ते 15 ते 20 च्या आसपास असतात. संचामागील फ्यूज 10 अँपिअरचा असेल तर संपूर्ण संचाला मिळणारी शक्तीच 144 वॅट होते. त्यातून 240 वॅट कोठून येणार? 25 च्या पुढे आवाज फाटणे म्हणजे आयसीने आपली मर्यादा गाठणे. ‘लाउड’ बंद ठेवा, बास दोन-तीन घरे कमी करा. तेवढ्यानेही बराच फरक पडेल.

परंतु आवाज फाटण्याचे दुसरे कारण गंभीर असू शकते. आजच्या संचांत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आयसी काम करते, म्हणून स्पीकरची ऋण वायर बॉडीला कधीही जोडायची नसते. आमच्या जुन्या गाडीत वायर अपुरी पडली म्हणून कारागिराने मागच्या दोन्ही स्पीकरच्या ऋण वायरी एकत्र करून बॉडीला लावल्या. पंधरा दिवस आवाज फाटत राहिला आणि एके दिवशी लातूरहून परतताना संच कायमचा बंद पडला. आपल्या संचाच्या पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार वायरी आणि काळी रेघ असलेल्या त्यांच्या चार जोडीदार वायरी वेगवेगळ्या आहेत ना, हे पाहा. संचाकडील टोके सोडून, स्पीकरच्या वायरी आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर बझरवर ठेवून लावा. बझर वाजता कामा नये; वाजला तर ती वायर कोठेतरी बॉडीला टेकली आहे.

जिंतूरकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. रविवारी ओळखीच्या वायरमनकडून संच बाहेर काढून घेतला. पिवळी आणि लाल खरोखरच एकत्र पिळून चावीच्या वायरीला लावलेल्या होत्या आणि निळी वायर मोकळी लोंबकळत होती. आता पिवळी वेगळी केली, अँटेनाला निळी जोडली, सर्व जोडांना डाग देऊन स्लीव्ह चढवल्या. कापलेल्या कपलरच्या जागी 250 रुपयांचा तयार कपलर मिळाला. चावी काढून मीटर लावले तेव्हा 20 मिलिअँपिअर दाखवले.

‘एरिया’चा पर्याय आवाजाचे बटण दाबून धरल्यावर सापडला. तो बदलल्यावर 1305 लागले आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले. वडिलांना काही न सांगता सकाळी चावी फिरवली. त्यांनी गाडी औंढ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत एक शब्दही न बोलता ऐकले आणि मग आवाज थोडा वाढवायला सांगितला.

अंबाजोगाईकर ताई, मागच्या उजव्या स्पीकरच्या वायरीवर बझर वाजला. दाराच्या बिजागरीपाशी तिचे आवरण घासून गेले आहे. ती वायर बदलेपर्यंत तो स्पीकर मी सोडून ठेवला आहे. दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओढण्याची सोपी पद्धत आपल्याला माहीत असल्यास जरूर लिहावी.

अंबाजोगाईकर

जुनी वायर आधी ओढून काढू नका. तिच्याच टोकाला नवी वायर बांधा, जोडावर चिकटपट्टीचा एकच घट्ट वेढा द्या आणि दुसऱ्या बाजूने जुनी वायर सावकाश ओढा, म्हणजे नवी आपोआप नळीतून येईल. दार पूर्ण उघडे ठेवूनच लांबी मोजा.