बजेट वाढवण्याआधी लोकेशन आणि शब्द तपासा

कोथरूडमधल्या आरओ दुरुस्तीसाठी गूगल ॲड्सवर रोज ३०० रुपये जातात आणि फोन येतात ते नोकरी मागणाऱ्यांचे, नाहीतर थेट नागपूरहून, असा मूळ प्रश्न आहे. त्यावर कुणीतरी बजेट दुप्पट करा असं उत्तर दिलंय. इतक्यात नको, गळक्या बादलीत पाणी वाढवून काय उपयोग?

लोकेशन सेटिंगमध्ये ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’ (त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस दाखवणारे लोक) आपोआप निवडलेलं असतं. त्यामुळे नागपुरात बसून कोथरूडबद्दल शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. नुसतं ‘प्रेझेन्स’ ठेवा आणि दुकानाभोवती ५-६ किलोमीटरचं वर्तुळ टाका. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइट आणि ॲपवर जाहिरात दाखवण्याची, खूणही काढा.

खरी गळती शब्दांत असते. ‘आरओ रिपेअर’ ब्रॉड मॅचवर (मिळत्याजुळत्या शोधांनाही जाहिरात दाखवणारा पर्याय) असेल तर गूगल ‘आरओ टेक्निशियन जॉब’पर्यंत जाऊन पोचतं. शब्द अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे फ्रेज मॅच होईल, त्या शब्दांचा अर्थ असलेल्या शोधांनाच जाहिरात दिसेल. पहिले दोन आठवडे ‘सर्च टर्म्स’ अहवाल (लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं ते) दिवसाआड उघडून जॉब, सॅलरी, कोर्स, कस्टमर केअर असे शब्द निगेटिव्हमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात नको त्या यादीत, ढकला. निगेटिव्हला एकवचन-अनेकवचन आपोआप लागू होत नाही, तेव्हा ‘जॉब’ आणि ‘जॉब्स’ दोन्ही हवेत, रोमन आणि देवनागरी दोन्ही लिपींत.

फोन उचलायला माणूस असेल तेवढ्याच वेळात जाहिरात चालू ठेवा.

एखाद्या दिवशी ६०० रुपये गेले तर घाबरू नका. गूगल एका दिवसात रोजच्या बजेटच्या दुप्पट खर्च करू शकतं, पण महिन्याला त्या बजेटच्या ३०.४ पटीवर (महिन्याचे सरासरी दिवस), म्हणजे ९,१२० रुपयांवर थांबतं. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.