बातम्यांची लाल पट्टी आणि ओएलईडी
ओएलईडी या प्रकारच्या टीव्ही पडद्याचा काळा रंग पाहिला की दुसरं काही नको वाटतं, असं बरेच जण म्हणतात, ते पटलं. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतःच उजळतो आणि विझतो, मागे दिवाच नसतो. पण घरात टीव्ही कसा बघतात तेही धरा. आमच्याकडे सांगलीत वडील सकाळपासून बातम्या लावून बसतात. खालची लाल पट्टी, कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास एकाच जागी. ओएलईडीतलं सेंद्रिय द्रव्य जिथे जास्त उजळतं तिथे लवकर झिजतं, आणि तो ठसा मग पुसला जात नाही.

त्यात हॉलची खिडकी पश्चिमेला, चारनंतर ऊन थेट पडद्यावर. म्हणून उन्हातही नीट दिसेल असा जास्त उजळ मिनी एलईडी टीव्ही घेतला. आहे एलसीडीच, म्हणजे मागून दिव्यांचा उजेड लागणारा पडदा, पण ते मागचे दिवे भागाभागाने मंद होतात. अंधाऱ्या दृश्यात पांढऱ्या अक्षरांभोवती थोडी प्रभा दिसते, ते मान्य.