मदत हवी आहे: ३८०० मीटर उंचीवर लाकडाच्या भट्टीत पाव आतून कच्चा राहतो

नमस्कार मंडळी,

मी आणि बायको गेल्या वर्षीपासून लडाखमध्ये राहतो, लेहहून गाडीने तीनेक तास आत. गावाची उंची सुमारे ३८०० मीटर. वीज म्हणजे छतावरची दोन सोलर पॅनेल, दिवे आणि मोबाइलपुरती. गॅस पुरवून पुरवून वापरावा लागतो. पाव करायचा तर लाकडावरच, म्हणून जूनमध्ये अंगणात मातीची भट्टी बांधली. आतला घुमट ४० सेंमी उंच, दार २५. तळाला विटा, त्याखाली भुसा कालवलेल्या मातीचा थर.

भट्टीचं काम मी गोव्यात, बार्देशातल्या एका पोदेराच्या (पाव भाजणाऱ्याच्या) हाताखाली तीन महिने शिकलो. निखारे ओढून काढायचे, ओल्या पोत्याने तळ पुसायचा, चिमूटभर पीठ टाकून बघायचं. लगेच काळं पडलं तर थांबायचं, सावकाश बदामी झालं तर पाव आत. इथेही तेच करतो. पण जमत नाही.

पीठ भलतंच लवकर फुगतं. यीस्ट निम्मं केलं तरी तासाभरात दुप्पट, आणि भट्टीत सरकवताना बसतं. खरी अडचण पुढची. पाऊण किलोचा लोफ ३५ मिनिटांत वरून काळा झाला, कापला तर मधोमध सुरीला चिकटणारा लगदा. सगळीकडे वाचलं होतं की आत ९५ अंश झाले की पाव झाला. म्हणून पुढच्या खेपेला थर्मामीटर टोचून वाट बघत बसलो. काटा ८६ ला अडकला तो हलेना. सव्वा तासाने काढला तेव्हा कवच बोटभर जाड, आतून कोरडा ठक्क. थर्मामीटर बिघडला असेल म्हणून चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवला, तर ८७!

गहू इथल्याच शेतातला, पाणचक्कीवर दळलेला. असे दोन लोफ वाया गेले की जिवाला लागतं. शेजारच्या आबी-लेंचा (आजींचा) खंबीर, म्हणजे इथला लडाखी पाव, मात्र रोज झकास होतो.

पाव झाला हे ओळखायचं कसं? आणि लाकूड पॉप्लर-विलोचं, भुरूभुरू जळून जातं, निखारा टिकत नाही. त्यावर काही उपाय?

प्रतिसाद

थर्मामीटर ठीक आहे. तुमच्याकडे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ८७ लाच उकळतं. पावाचा गाभा ओला असतो, तो त्याच्यावर जाणारच नाही. ९५ चा आकडा सपाटीवरचा. तुम्ही ८५-८६ धरा, आणि तिथे पोचल्यावर आणखी दहा मिनिटं आत राहू द्या. स्टार्च तेवढ्यात शिजतो, फक्त त्याला वेळ लागतो. कापायची घाई करू नका, पूर्ण गार होऊ द्या.

फुगण्याचं कारणही दाबच. दुप्पट व्हायची वाट बघू नका, दीडपट झालं की भट्टीत घाला. त्याआधी एकदा जास्त मळून हवा काढा, म्हणजे चवही येईल. हवा कोरडी आहे, तेव्हा पाणी थोडं वाढवा आणि पिठावर ओलं फडकं ठेवा.

निखाऱ्यावर विसंबू नका, विटांत उष्णता साठवा. लाकूड बारीक फोडून दोन-अडीच तास सलग जाळा. घुमटावरची काजळी जळून आतली माती पांढरी दिसली की निखारे काढा, दार लावून वीस मिनिटं थांबा, मगच पिठाची परीक्षा. वर करपतो आणि आत कच्चा राहतो तो या वीस मिनिटांच्या घाईने.

आणि लोफ लहान करा. आबी-लेंचा खंबीर चपटा असतो ना? आच मध्यापर्यंत लवकर पोचते.

धागाकर्ता

मनापासून आभार. उकळतं पाणी ८७ दाखवतं हे डोळ्यांनी बघूनही पावाशी त्याचा संबंध लावला नव्हता. डाळ कुकरशिवाय शिजत नाही हे तर रोज बघतो.

काल साडेतीनशे ग्रॅमचे चार लोफ केले, थोडे दाबून चपटे. वीस मिनिटं दार बंद. ८६ ला पोचल्यावर दहा मिनिटं आणखी. संध्याकाळी गार झाल्यावर कापले, सुरी स्वच्छ बाहेर आली. एक आबी-लेंना दिला, त्यांनी लोण्याच्या चहात बुडवून खाल्ला आणि दुसरा तुकडा मागितला.

खालची बाजू अजून फिकी राहते. भुसा-मातीचा थर चार बोटांचा आहे, तो वाढवावा लागेल का?