मदत हवी आहे: आक्रमक तणांवर पीएच.डी. कुठे करता येईल?

नमस्कार मंडळी. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, राहते पुण्यात. गाजर गवताची भारतातली सुरुवातीची नोंद 1950च्या दशकात इथलीच. आता पावसाळा सरताना टेकड्यांवर कॉसमॉस हे परदेशी फुलझाड पसरतं. लोक त्यात उभं राहून फोटो काढतात, मला मात्र त्याखाली दबलेलं गवत आणि तेरडा दिसतो. फार जीव तुटतो.

मला शोधायचंय ते एवढंच: कॉसमॉस उपटल्यावर स्थानिक गवत परत येतं, की मातीत पडून राहिलेल्या बियांतून पुन्हा कॉसमॉसच उगवतो? लोक हौसेने श्रमदान करतात, पण नंतर त्या जागेकडे कुणी वर्षानुवर्षं पाहत नाही.

जबलपूरचं तण संशोधन संचालनालय ठाऊक आहे, पण तिथे भर शेतातल्या तणांवर. बंगळुरूच्या एट्री या पर्यावरण संशोधन संस्थेत घाणेरीवर (लँटाना) बरंच काम झालंय. तिथे किंवा डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत कुणी शिकलंय का? नेट परीक्षा पास झाले, पण तिच्यातून मिळणारी संशोधन फेलोशिप (जेआरएफ) थोडक्यात हुकली, त्यामुळे प्रकल्पातून फेलोशिप देणारे मार्गदर्शक हवेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडलाही गाजर गवताने छळलंय. तिकडच्या विद्यापीठांना पहिला ईमेल कसा लिहावा, हेही कृपया सांगा.