दरवाजाची खालची कड

दादा (अकोटा, बडोदा): मंडळी, फायनली मेन डोअर बदलतोय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं ना, तेव्हापासून फ्लश डोअर (सपाट प्लायचा दरवाजा) खालून फुगलाय, प्लायचे पापुद्रे सुटलेत, दोनदा चिकटवून दाबून ठेवला पण पाऊस आला की परत उघडतो. साईझ ७ बाय साडेतीन फूट, तोंड पश्चिमेला, दुपारी २ पासून मावळेपर्यंत ऊन तोंडावर. साग घ्यायचा की परत फ्लश आणि वर विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा? मिस्त्री म्हणतोय ८ दिवसांत पॉलिश करून लावून देतो

वहिनी: मला तर लाकडाचाच हवाय, आता एकदाच खर्च करू. फक्त तो मरून-लाल रंग नको, लाकूड दिसलं पाहिजे

काका (दांडिया बाजार): सागच घे रे. वलसाडी साग मिळाला तर प्रश्नच नाही. घानाकडून वगैरे येतो तो साग पण चालतो, पण तो लागवडीचा, लवकर तोडलेला, त्यात पांढरी पट्टी जास्त. तेवढं बघून घे. वाळवी लागते ती त्या पांढरीलाच, आतल्या पिवळसर तपकिरी गाभ्याला सहसा शिवत नाही. मिस्त्रीवर सोडू नकोस, लाकूड निवडायला स्वतः वखारीत जा, आणि सकाळी जा, उजेडात

आत्या: सांखेड्याच्या झोपाळ्यासारखा लाल सोनेरी करता येईल का रे, किती छान दिसेल, आपल्या बडोद्याजवळचंच काम आहे

काका: ताई ते काम खरादवर, म्हणजे लेथवर होतं. लाकूड गरागरा फिरत असताना लाख घासून चढवतात, गरम होऊन ती बसते. झोपाळ्याचे खांब, पाय गोल असतात म्हणून जमतं. सपाट दरवाजावर तसं नाही होणार. आणि पश्चिमेच्या उन्हात तर नकोच

आत्या: बरं बरं. मग तोरणाला खिळे तरी दरवाजात मारू नका, चौकटीला हूक लावा. आमच्याकडे खिळ्याच्या भोकातूनच पॉलिश उलायला लागलं होतं

मी: दादा थांब, ८ दिवसांत पॉलिश करून लावून देतो म्हणतोय ना, तिथेच अडव त्याला. आमच्या कारेलीबागच्या दरवाजाचं काय झालं ते सांगते, मोठा मेसेज आहे पण पूर्ण वाच. आमचा पण सागाचाच, लाकूड चांगलं, पॅनल छान, सगळं छान. मिस्त्रीने आधी दरवाजा लावला आणि मग लटकलेल्या दरवाजाला पॉलिश केलं, म्हणजे पुढून केलं, मागून केलं, कडेने केलं, पण खाली ब्रश जाणार कसा? जुलैमध्ये दरवाजा चौकटीला घासायला लागला, बंद करायला खांदा लावावा लागायचा. मिस्त्रीला बोलावलं, त्याने कुलपाच्या बाजूने रंधा मारला, दोन मिनिटांत मोकळा, आम्ही खूश. डिसेंबरमध्ये बघतो तर कुलपाच्या बाजूला एवढी फट की बाहेरच्या दिव्याची रेघ आत पॅसेजमध्ये पडते. मग मी मोबाईल दरवाजाखाली सरकवून फोटो काढला. खालची कड पूर्ण कोरी. पॉलिश नाही, सीलर (पॉलिशच्या आधीचा, लाकडाची छिद्रं बुजवणारा हात) नाही, तेलाचा हात पण नाही. उभ्या पट्टीचं टोक जिथे खाली येतं तिथे काळा डाग वर चढलेला, रोज फरशी पुसतो ते पाणी तिथूनच पीत होतं ते लाकूड. लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त पाणी ओढतं, आणि तीच जागा आम्ही उघडी ठेवली होती. खूप वाईट वाटलं मला, एवढं चांगलं लाकूड आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी खराब केलं

काका: अगदी बरोबर पकडलंस. दरवाजाला सहा बाजू असतात, लोक चारच रंगवतात

दादा: पण साग फुगत नाही म्हणतात ना?

काका: कमी फुगतो. फुगत नाही असं कुठलंच लाकूड नाही. उंचीत जवळजवळ काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. फूटभर रुंद तक्ता असेल आणि ओलावा चार-पाच टक्के बदलला तर दोन-तीन मिलिमीटर होतात. बडोद्यात मे महिन्याचा कोरडा भट्टीसारखा वारा आणि ऑगस्टची दमट हवा, एवढं तर सहज होतं. म्हणून जुने लोक पॅनलचा दरवाजा करायचे. चारी बाजूने फ्रेम, आणि मधला तक्ता खाचेत नुसता बसवलेला, गोंद नाही खिळा नाही. तो आत फुगेल आकसेल, बाहेरचं माप जवळजवळ तेवढंच राहील. मिस्त्रीला बजावून सांग पॅनलला गोंद लावायचा नाही, लावला की फाटला समज

मी: आणि लाकूड वाळलेलं आहे का ते मीटर लावून बघायला सांग दादा, दोन टाचण्यांचं छोटं यंत्र असतं, वखारीत असतं बऱ्याचदा. १०-१२ टक्के आलं तर घे, १८ वगैरे दाखवत असेल तर कितीही गोड बोलू दे, परत ये

वहिनी: पॉलिश कोणतं मग? मिस्त्री मेलामाईन म्हणतोय

काका: मेलामाईन घरातल्या फर्निचरला. तुमच्या उन्हात पिवळं पडून तडकेल. बाहेरचं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) घ्या, डब्यावर बाहेरच्या वापरासाठी लिहिलेलं असतं. सागात स्वतःचं तेल असतं म्हणून आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर कोट नीट धरत नाही. पॉलिश पेपर १२० मग १८० मग २२०, रेषेच्या दिशेनेच, आडवा घासला की ओरखडे कोटाखाली आणखी उठून दिसतात. सीलरचे दोन हात, मध्ये ३२० ने हलकं घासणं, वर दोन-तीन हात

दादा: बेल तेल, म्हणजे अळशीचं तेल, लावलं तर? मला तो वास आवडतो, आजोबा लावायचे

काका: लाव की, पण मग दरवर्षी पावसाळ्याआधी लावायची तयारी ठेव, आणि त्यावर पीयू नको. एक गोष्ट मात्र नीट ऐक, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. अळशीचं तेल वाळताना गरम होतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळव नाहीतर पाण्याच्या डब्यात टाक

वहिनी: बापरे. पीयूच करू

मी: मग क्रम असा सांग त्याला. आधी कोरा दरवाजा लावून बघायचा, बाजूला ३ मिलिमीटर आणि खाली ५-६ फट ठेवायची, बिजागऱ्या चार आणि ५ इंची, कारण सागाचा दरवाजा ४०-५० किलो सहज भरतो. बिजागरी आणि कुलपाच्या खाचा पण तेव्हाच पाडायच्या. मग खाली उतरवून सुताराच्या लाकडी घोड्यावर आडवा ठेवायचा आणि सहाही बाजू, खाचांच्या आतून सुद्धा. तो "कंई नहीं थाय" (काही होत नाही) म्हणेल, आमचा पण म्हणाला होता

दादा: हेच म्हणाला आत्ता 😀 पण ऐकलं. उतरवायची वेगळी मजुरी देतो म्हटलं, लगेच तयार

(१९ दिवसांनी)

दादा: (फोटो) घ्या, खालची कड. सीलर दोन हात, पीयूचा पहिला

आत्या: किती सुंदर रेषा दिसतायत रे लाकडाच्या

मी: दादा मस्त. आता वरची कड दाखव

दादा: वरची राहिली आहे. थांब, मिस्त्री निघालाय, बोलावतो परत